नाननिंगला केळी होतात

—हसू नका नाना, कापूस हलेल. दाबून धरा. हां, असं. त्या नकाशाकडं पाहून सगळेच हसतात, मला त्याचं काही वाटत नाही. ती अक्षरं माझीच. शुद्धलेखन चुकलंय, ते माफ करा — मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही, आणि चिनी गावांची नावं मराठीत कशी लिहायची हे शिकलेल्यांना तरी कुठं ठाऊक असतं? इंग्रजीतून वाचली, तोंडात घोळवली, जशी ऐकू आली तशी लिहिली. आणि बोलणंही माझं साधंच आहे, तेही चालवून घ्या. तुम्ही अमळनेरचे, तुमच्याकडं जुनं कॉलेज, शिकली-सवरली माणसं — आमच्या धुळ्यातल्या या दुकानात दातांखेरीज दुसरं बोलणं नसतं.

मघाशी खुर्चीवर बसता बसता तुम्ही विचारलंत ना, डॉक्टर चिनी आहेत म्हणून चीनचा नकाशा लावलाय का — नाही. डॉक्टरांना नकाशा लागत नाही. डॉक्टरांनी चीन पाहिलेलासुद्धा नाही. त्यांचे वडील तिकडून आले, गावोगाव दात काढत हिंडले, आणि इथं आग्रा रोडला थांबले. डॉक्टरांचा जन्म नाशिकचा, बोलणं सगळं अहिराणी — ऐकलंत ना तुम्ही, ‘दुखाव नही आबा, डोया मिटा’ म्हणत म्हणत दाढ हातात. खेड्यावरची माणसं पहिल्यांदा आली की दारातच थबकतात, हा परका माणूस आपल्या तोंडात हात घालणार म्हणून. मग तो बोलतो, आणि ती बसतात. तरी बासष्ट साली त्यांना गाव सोडून जायची बंदी होती, आणि अजून दरवर्षी पोलिसांकडं जाऊन कागदावर शिक्का घ्यावा लागतो. हसत जातात, हसत येतात. म्हणतात, त्या साहेबाच्या बापाची कवळी मीच केलीय.

नाही, नकाशा मी लावलाय. सांगतो. थुंकू नका पण. अर्धा तास तोंड मिटून बसायचं, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि डॉक्टर वर जेवायला गेलेत. मी हळूच बोलतो, वर ऐकू जातं — लाकडी तक्तपोशी आहे. तसं मला बोलायला जमत नाही हो. चारचौघांत जीभ टाळूला चिकटते. पण ज्याच्या तोंडात कापूस आहे त्याच्याशी बोलता येतं, एवढं एक बरं आहे या धंद्यात.

डॉक्टरांना एकच मुलगी. मेईलान तिचं नाव, शाळेच्या दाखल्यावर तेच, पण गल्लीत सगळे मैना म्हणतात. मी इथं कामाला लागलो तेव्हा ती कॉलेजात होती. इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, बी.एड. झाली, पहिल्या वर्गात. दिसायला बापासारखी — म्हणजे चिनी, बोलायला आईसारखी. आई आपलीच, सुंदरबाई, सोनगीरची. तर एवढी शिकून मैना एका संस्थेत मुलाखतीला गेली. पाच-सहा माणसं बसलेली. इंग्रजीचं कुणी काही विचारलंच नाही, सगळे तिच्या तोंडाकडं पाहत राहिले, आणि शेवटी त्यातला एक जण म्हणाला, बाई, पोरं हसतील. ती म्हणाली, हसू द्या, हसता हसता शिकतील. नाही घेतलं. दुसऱ्या ठिकाणी गेली, तिथंही तेच, फक्त जास्त गोड बोलून. मग एका शाळेत तासावर शिकवायला लागली, आज बोलावलं, उद्या नाही. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी ओरडला. ती गेली त्याच्याजवळ, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘कोना पोऱ्या शे रे तू? तुन्हा बापनी कवळी मन्हा बापनी करेल शे, सांगू का बठ्ठासले?’ — सगळ्यांना सांगते म्हटल्यावर आख्खा वर्ग गप. नंतर तीच पोरं तिच्यामागं मागं. पण पोरांचं कोण ऐकतं? वर्ष संपलं, तास संपले.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं तेव्हा ती खाली येऊन बसायची, इथं, तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर, आणि मला इंग्रजी शिकवायची. रोज एक वाक्य. मी तिकडं तोंड करून कवळीच्या साच्याचं मेण घोटायचो आणि वाक्य म्हणायचो — समोर पाहून मला म्हणता यायचं नाही. ती म्हणायची, निंबा, चुकलास तरी थांबू नको, वाक्य पूर्ण कर. मला आवडायचं ते. वाक्य म्हणायला, म्हणजे.

लाळ गिळा, गिळायला हरकत नाही.

सत्त्याण्णव साली होळीनंतर कलकत्त्याहून पत्र आलं. तिकडं डॉक्टरांचे चुलतभाऊ आहेत, बुटांचं दुकान. त्यांनी लिहिलं होतं की चीनमध्ये आता इंग्रजीचं फार वेड लागलंय, मास्तर मिळत नाहीत, आणि त्यांच्या ओळखीनं तीन गावांच्या शाळांत जागा आहेत — राहायला खोली, पगार, सगळं. तीनपैकी कुठलं गाव हवं ते मैनानं महिन्याभरात कळवायचं. तीन गावं — हार्बिन, वुहान, नाननिंग. ती बघा, तिथं लाल गोल केलेत ती. हार्बिन वर, अगदी टोकाला. वुहान मधे, नदीवर. नाननिंग खाली.

इथं तिला कुणी मास्तरीण करत नव्हतं चिनी दिसते म्हणून, आणि तिथं बोलावत होते तर तिला चिनी येत नव्हतं. दहा-वीस शब्द, तेही खाण्याचे. इथं ती तोंड उघडलं की आपली व्हायची, तिथं तोंड उघडलं की परकी होणार — मी तिला तसं म्हटलं एकदा. तर म्हणाली, मग बरंच आहे, तोंड उघडण्याचाच तर पगार देतायत.

मी दुसऱ्या दिवशी जळगावला जाऊन हा नकाशा आणला. आणायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. जळगावला माझे मामा असतात, पिंप्राळ्यात. शाळा सोडल्यावर दोन वर्षं मी त्यांच्याकडंच होतो, केळीच्या कामावर — घड वाहायचे, पाल्यात बसवायचे, रेल्वेच्या वाघिणीत रचायचे. तर नकाशा आणला, खिळे ठोकले, आणि संध्याकाळी दुकान बंद करून सगळे त्याच्यापुढं उभे राहिलो, जसं काही पोरीला स्थळं पाहतोय.

डॉक्टर म्हणाले, वुहान. त्यांच्या वडिलांचं गाव तिथून जवळ. ‘आपलं गाव तठे जोडेच शे, मैना. मन्हा बापना घरले जाई ये. कोनी तरी जावाले पाहिजे.’ ती म्हणाली, आबा, मी नोकरीला जातेय, नातेवाईक शोधायला नाही. आणि मी काय सांगू त्यांना, कोण म्हणून? — डॉक्टर हत्यारं पुसायला लागले. पुसलेली हत्यारं.

सुंदरअक्कांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, धुळं कुठंय? मी दाखवलं. त्यांनी धुळ्यावर अंगठा ठेवला आणि वीत टाकली. नाननिंगपर्यंत करंगळी पोचली. हार्बिनला दीड वीत लागली. म्हणाल्या, ‘मन्ही एक वीतमा बसस ते गाव ले. बाकीनं माले समजत नही.’

आणि मी — मला कुणी विचारलं नव्हतं, पण मीही म्हणालो, नाननिंग. कारण वाचनालयात जाऊन मी एक जाड इंग्रजी पुस्तक पाहिलं होतं, आठ दिवस लागले मला चार ओळी समजून घ्यायला, पण त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नाननिंगच्या मुलखात केळी होतात. जिथं केळी होते तिथं पाणी असतं, थंडी नसते, आणि काम असतं — घडाला भाषा लागत नाही नाना, घड खांद्यावर घेतला की जगात सगळीकडं सारखाच. कुणीही गेला तरी दुसऱ्या दिवसापासून पोटापुरतं मिळवील. म्हणजे — तिला काही घड वाहायचे नव्हते, ते खरंय. पण सोबत कुणी गेलंच तिच्या, समजा, तर.

तुम्ही असं पाहू नका.

मैना हसली. म्हणाली, निंबा, मी तिथं इंग्रजी शिकवू का केळी मोजू? मग नकाशाजवळ गेली आणि हार्बिनवर बोट ठेवलं. आम्ही तिघंही एकदम, नको. त्या पुस्तकात हार्बिनचंही होतं — नदी गोठते, माणसं नदीवरून चालत जातात, पाणी उकळून बाहेर फेकलं तर खाली पडायच्या आत त्याचा चुरा होतो. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणूनच. म्हणाली, जन्मभर मी या गावात उन्हाळ्याचं ओलं फडकं अंगावर घेऊन झोपले, मला एकदा तरी दोन गोधड्या घेऊन झोपायचंय. ती गंमतीनं म्हणाली. मग गंमत न करता म्हणाली — वुहानला गेले तर मी कुणाची तरी नात, नाननिंगला गेले तर तुमच्या सगळ्यांच्या विती मोजत बसेन, हार्बिनला माझं कुणी नाही आणि मी कुणाची नाही, तिथं मी फक्त मास्तरीण असेन. मला तेच पाहिजे.

मी नकाशाचा वरचा खिळा जरा सैल वाटत होता तो ठोकला.

मग मी बर्फाच्या कारखान्यात गेलो. सांगतो ना, ऐका तर. पारोळा रोडला कारखाना आहे, तिथं हिलाल म्हणून माझा शाळेतला सोबती लाद्या ओढतो. एप्रिल महिना, बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी स्वेटर काखेत घेऊन गेलो — माझंच, जुनं. हिलालला म्हटलं, मला लाद्यांच्या कोठीत जरा उभं राहू दे. तो म्हणाला, ‘डोकं फिरनं का रे तुन्हं? मरी जाशी आठे.’ मी म्हटलं, पाहायचंय. काय पाहायचंय? थंडी. तर त्यानं बाकीच्यांना हाक मारली, या रे, हा पाहा, निंबाचं बर्फाशी लगीन लावायचंय. सगळे आले. एकानं डोक्यावर गोणपाट टाकलं, मुंडावळ्या म्हणून. मी आत गेलो, त्यांनी दार लोटलं.

आत असं असतं नाना — आधी बरं वाटतं. इतकं बरं वाटतं की वाटतं उगाच घाबरत होतो. मग कान दुखतात. मग नाकातलं घट्ट होतं, आणि श्वास घेतला की छातीत कुणी सुरी पुसतंय असं. मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं म्हणत उभा राहिलो, तिनं शिकवलेली, एकामागून एक, आणि एकही चुकली नाही. दात वाजत होते पण वाक्यं चुकली नाहीत. मला वाटलं, जमतंय. हिलालनंच शेवटी घाबरून दार उघडलं आणि मला ओढून बाहेर काढलं, आणि बाहेरचं ऊन असं तोंडावर आलं की मी तिथंच खाली बसलो. तीन दिवस तापानं पडलो होतो. सुंदरअक्कांनी तांदळाची पेज पाठवली. मैना आली होती पाहायला, म्हणाली उन्हात हिंडत जाऊ नको. मी हो म्हटलं.

कशाला गेलो म्हणजे? तिला सांगायला नको का, थंडी कशी असते? मी तिच्यासाठी — हो, सांगितलं नाही पुढं तिला, ते खरं. राहून गेलं.

बघू, गाल. सुजलाय थोडा, सुजायचाच. रक्त थांबलंय वाटतं. अजून धरा. आज भरीत-भाकरी नको हां, घरी गेलात की पेज घ्या, गार करून.

ऑगस्टमध्ये ती निघाली. जळगावहून हावड्याची गाडी, कलकत्त्याला चार दिवस, तिथून पुढं विमान. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी वर गेलो, इथं वर. सगळीकडं सामान पसरलेलं. मैना बॅग भरत होती, सुंदरअक्का डबे बांधत होत्या — शेव, बिबड्या, कळण्याचं पीठ, जसं काही हार्बिनला तवा घेऊनच कुणी उभं आहे. मी ठरवून गेलो होतो. एकच वाक्य सांगायचं होतं, मराठीतच. इंग्रजीतही केलं होतं तयार, पण म्हटलं आईबापांपुढं मराठीच बरं. जिना चढताना म्हणत होतो, चुकलास तरी थांबू नको.

मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, मैना, मी येईन तिकडं. हार्बिनला. थंडी मला सोसते, मी पाहिलंय.

पूर्ण वाक्य म्हणालो नाना. समोर पाहून. जन्मात पहिल्यांदा.

आणि सुंदरअक्कांच्या हातातला डबा खाली पडला.

आता इथं तुम्हाला एक सांगायला पाहिजे, तुम्ही आपल्याच मुलखातले, तुम्हाला अखाजीचं, अक्षय्य तृतीयेच्या सणाचं, काय सांगायचं — पण सुंदरअक्कांचं माहीत नसणार. त्या सोनगीरच्या, तांब्या-पितळेची भांडी घडवणारं घर, तिघे भाऊ. यांनी चिनी माणसाशी लग्न केलं, त्या दिवसापासून भावांनी दार बंद केलं. अखाजीला गल्लीतल्या एकेका सुनेला न्यायला तिचा भाऊ यायचा, मुराळी म्हणून, फेटाबिटा बांधून, आणि त्या माहेरी जाऊन झोके घ्यायच्या. सुंदरअक्का दरवर्षी सांजोऱ्या करायच्या मुराळ्यासाठी आणि सकाळपासून दारात बसायच्या. सोनगीर इथून किती लांब? यष्टीनं अर्धा-पाऊण तास. तीस वर्षांत कुणी आलं नाही. दुपारी त्या सांजोऱ्या गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायच्या, मीसुद्धा खाल्ल्यात.

तर डबा पडला, आणि त्या खाली बसल्या, आणि रडायलाच लागल्या. मला वाटलं संपलं, आता मला हाकलणार. आणि त्या ओरडून डॉक्टरांना म्हणाल्या, ‘आयकं का वो? मैनाना मुराळी उना. आपली आंडेरले भाऊ शे वो. एवढा दूरना गावले लेवाले जासू म्हनस.’

मुराळी. आपल्या मुलीला भाऊ आहे म्हणत होत्या, तुम्हाला समजतंय ना. त्या माउलीला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं — एवढ्या लांब, थंडी-वाऱ्यात, सासरी म्हणा की नोकरीवर म्हणा गेलेल्या मुलीपर्यंत कोण जातो? भाऊच जातो. तिला तीस वर्षं जे मिळालं नाही ते तिच्या मुलीला मी देतोय असं वाटलं तिला. डॉक्टर आतून आले, हात ओले होते. ते कधी कुणाला हात लावत नाहीत, हनुवटीखेरीज. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

तेव्हाच म्हणायचं होतं मी, नाही अक्का, तसं नाही. तुम्ही म्हणाला असता का? खरं सांगा. नाही नाही, बोलू नका — मान हलवली तरी कळतं.

मैना एका स्वेटरची घडी घालत होती. थांबली. माझ्याकडं पाहिलं तिनं, चांगलं पाहिलं. तिला समजलं होतं. मला वाटतं समजलं होतं. तिचा चेहरा तेव्हा आईसारखा नव्हता, बापासारखाही नव्हता, कुणासारखाच नव्हता. मग तिनं आईकडं पाहिलं, ती पदरानं तोंड झाकून बसलेली, आणि परत ती घडी घालायला लागली. खाली पाहून म्हणाली, ‘बरं, निंबाभाऊ. जाड स्वेटर घेऊन ये.’

त्याआधी ती मला कधी भाऊ म्हणाली नव्हती. नुसतं निंबा.

दोन अखाज्या झाल्या त्यानंतर. पहिल्या वर्षी सुंदरअक्का म्हणाल्या, यंदा राहू दे, तिकीट केवढ्याला, पुढच्या साली जा. पुढच्या साली मी पासपोर्टचं विचारायला नाशिकला जाऊन आलो. शिक्षण विचारलं, सांगितलं. कशाला जायचंय विचारलं — काय सांगणार, अखाजीला बहीण आणायला? तो साहेब चांगला होता, हसला नाही. म्हणाला, मित्रा, आधी तिकडून बोलावणं आण. मैनाला मी कळवलं नाही. ती पत्र टाकते महिन्या-दोन महिन्यांनी, आईला वाचून मीच दाखवतो. नदीवरून चालत शाळेत जाते म्हणते. पोरं हसत नाहीत. आणखी दोन वर्षं राहायचं ठरवलंय. शेवटच्या ओळीत निंबाभाऊला नमस्कार असतो, आणि सुंदरअक्का म्हणतात, ती ओळ परत वाच.

त्या आता अखाजीला दारात बसत नाहीत. मुराळी घरातच आहे ना, म्हणून. मला पाटावर बसवून सांजोऱ्या वाढतात. एवढं मात्र झालं.

काय? हात असा का करताय — मी? माझं लग्न? आईनं जामनेरची एक मुलगी सांगून आणलीय. बघू. मला काय, कुठलीही चांगलीच असेल. मेण घोटता येतं, प्लास्टर ओतता येतं, दोन वेळचं मिळतं. मी काही रडत नाहीये नाना, हा वास स्पिरिटचा आहे, डोळ्यांत जातो.

नाही, त्याबद्दल बोललो नाही परत तिच्याशी. ती निघायच्या आदल्या त्या रात्री घरी गेलो, झोपलो सुद्धा, झोप लागली हे विशेष. आणि सकाळी उठलो तेव्हा पहिली गोष्ट ही डोक्यात आली की मुराळी झालो म्हणजे बहीण निघताना हात रिकामा कसा चालेल. कुणी सांगितलं नव्हतं. भिकमचंदशेटचं कापडाचं दुकान उघडायच्या आधीच मी फळीवर जाऊन बसलो. शेट आले, कुलूप काढलं, देवाला उदबत्ती लावली, मी उभाच. म्हणाले, ‘काय निंबा, सकाळी सकाळी? साडी? लग्न केलंस का बाबा, आम्हाला न सांगता?’ — मारवाडी माणूस, जुनी ओळख, सगळ्या गल्लीचं गणगोत पाठ. त्यांनी गादीवर एक गुलाबी पसरली, एक आंब्याच्या रंगाची, पदर उलगडून माझ्या हातावर टाकला, म्हणाले, घरवालीसाठी असेल तर ही बघ, अंगावर खुलेल. मी ती हातावर तशीच धरली होती. बराच वेळ धरली असेन, कारण ते म्हणाले, अरे बोल ना, कोणासाठी पाहिजे, त्याप्रमाणे दाखवतो.

मी म्हणालो, बहिणीसाठी.

ते म्हणाले, तुला तर बहीण नाही.

मी म्हणालो, आहे. आज दुपारी निघतेय. लांब जातेय.

त्यांनी ती आंब्याच्या रंगाची माझ्या हातावरून काढून घेतली, घडी घातली, बाजूला ठेवली, आणि आतून दुसरी आणली, हिरवी, जाड सुताची, आणि पदराच्या टोकाला कुंकवाचं बोट लावून कागदात बांधून दिली. मी ती घेऊन इथं आलो आणि जिना चढलो —

डॉक्टर उतरतायत. कापूस टाका त्या भांड्यात. आणि नाना, त्यांच्यापुढं यातलं काही नको.